प्रकल्प नोंदी: ९२ची मियाटा, इंजिनामागचं ऑइल आणि बाकीची दुखणी

१ मार्च २०२५, शनिवार

थंडी ओसरली. गॅरेजमधली गाडी पुढे ओढली, खालचा पुठ्ठा बघितला. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं कवच) बरोबर खाली ऑइलचा डाग, तळहाताएवढा. म्हणजे हिवाळाभर उभ्या गाडीतूनही ठिबकत होतं.

गाडी १९९२ची माझदा एमएक्स-५, इथे अमेरिकेत मियाटा. १९८९ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवलेलं हे मॉडेल. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना ड्राइव्ह, वजन हजार किलोच्या आतबाहेर. कागदावर यात छाती फुगवण्यासारखं काही नाही. पण या गाडीतला प्रत्येक नट हाताला लागतो. १०, १२, १४ आणि १७ मिमीचे पाने, दोन-तीन गोट्या (सॉकेट) आणि एक लांब दांडा एवढ्यावर तीन चतुर्थांश कामं होतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून स्पोर्ट्स कार पाळायची आणि घराचे हप्तेही भरायचे, तर हीच गाडी परवडते.

यंदाची दुखणी:
इंजिनामागून ऑइल. थंड असताना पहिला आणि रिव्हर्स गिअर कुरकुरत पडतो. पावसात इंजिन मिस मारतं, मधेच ठिणगी चुकते. उजव्या बाजूचं कार्पेट ओलं. गिअरच्या दांड्याभोवती भट्टी पेटल्यासारखी गरम हवा. हँडब्रेक वरपर्यंत ओढावा लागतो. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅमशाफ्ट जोडणारा पट्टा) कधी बदलला ते कुणालाच माहीत नाही.

एका गॅरेजने शरद ऋतूत गाडी लिफ्टवर चढवून, खालून टॉर्च मारून निदान दिलं होतं: रिअर मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीला भिडणारा. मी हो म्हटलं नाही, कारण त्यांनी बॉनेट उघडलंच नव्हतं.

८ मार्च, शनिवार

दापोडीच्या एसटी वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या मामांना व्हिडिओ कॉल लावला. फोन गाडीखाली नेऊन डाग दाखवला.

“अरे, हे काय दाखवतोस मला? ऑइल पडतंय कुठे ते दिसलं. सुटतंय कुठून ते दाखव.”

“मामा, गॅरेजवाला म्हणतो मागचं सील.”

“म्हणू दे. आधी धुऊन घे सगळं. कोरडं कर, चालव, मग वरून खाली बघत ये. तेल कधी खालून वर गेलंय का?”

डिग्रीजर मारून इंजिनाची मागची बाजू आणि बेलहाउसिंग धुतलं. कॉइल आणि अल्टर्नेटरवर आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. पाण्याचा प्रेशर पंप वापरला नाही. जुन्या कनेक्टरांचे रबर इतका दाब सोसत नाहीत. ब्रश, रॉकेलसारखं सॉल्व्हंट आणि जुने बनियन.

गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, घेताना एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण याच कामात मियाटा सगळ्यात जास्त जखमी होतात. पुढे जॅक लावायचा तो क्रॉसमेंबरच्या मधोमध, मागे डिफरन्शियलच्या खाली. घोड्या कडेच्या पिंच वेल्डच्या ठरलेल्या जागी. मधून लांब जाणाऱ्या ज्या दोन पन्हाळी दिसतात त्या चॅसीसारख्या भासतात, पण पत्रा पातळ आहे. तिथे जॅक लावला की चेपल्याच. माझ्या आधीच्या मालकांपैकी कुणीतरी डाव्या बाजूला ते करून ठेवलंय.

१५ मार्च, शनिवार

आठवडाभर ऑफिसला हीच गाडी नेली. आज बॉनेट उघडून, छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन इंजिन आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्या मधला पत्रा) यांच्या फटीत डोकावलो.

खालून बघणाऱ्याला जे दिसत नाही ते इथे लख्ख दिसलं. सिलिंडर हेडच्या मागच्या तोंडावर कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो. कॅमशाफ्ट कुठल्या कोनात आहे ते हा सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो; या गाडीत डिस्ट्रिब्युटर नाहीच. सेन्सरच्या बुडाशी हेडला टेकतो तिथे एक ओ रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, असते. त्या जोडावर ताजं, मधाच्या रंगाचं ऑइल चकाकत होतं. तिथून हेडच्या मागच्या भिंतीवरून ओघळ, पुढे बेलहाउसिंगच्या पाठीवरून वळसा घेत खाली, आणि सर्वात खालच्या कडेला थेंब.

रिअर मेन सील गेलं असतं तर ऑइल बेलहाउसिंगच्या आतून आलं असतं. बाहेरची पाठ कोरडी आणि बुडाची फट तेवढी ओली, असं दिसलं असतं. इथे पाठच ओली आहे.

तिसरा संशयित व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट. मागच्या टोकाला हेडच्या अर्धगोल कडा आहेत, तिथे सीलंटचा ठिपका द्यायचा राहिला की तिथूनही याच वाटेने गळतं. बोट फिरवून बघितलं, कव्हरची कड कोरडी. मोकळा सुटला.

दुकानात साध्या काळ्या नायट्राइलच्या ओ रिंगा होत्या. व्हायटॉनची घेतली. हेडच्या मागच्या भागात वारा फिरत नाही, उष्णता कोंडते. नायट्राइल तिथे काही वर्षांत कडक होतं. फरक काही सेंटांचा.

२२ मार्च, शनिवार

सेन्सर काढला. एकच बोल्ट, १२चा. पण तो फायरवॉलच्या बाजूला तोंड करून बसलाय, हात जेमतेम जातो आणि पाना एका वेळी पाव फेराही फिरत नाही. आखूड रिंग पाना हवा. लांब पान्याने बोल्टची डोकी गोल होतात.

काढण्याआधी सेन्सरच्या बुडावर आणि हेडवर मिळून एक आडवी रेघ ओरखडून ठेवली. रंगाच्या पेनची खूण डिग्रीजरने पुसली जाते, सुईचा ओरखडा राहतो. सेन्सरची आतली जीभ मध्यापासून जरा सरकवलेली असते, त्यामुळे तो उलटा बसत नाही. बसतो तेव्हा बरोबर बसतो. प्रश्न फक्त थोडं इकडे-तिकडे फिरण्याचा, आणि त्यावरच इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडणार ते, ठरतं.

जुनी ओ रिंग बांगडीसारखी टणक. नखाने उचलायला गेलो तर कडकन तुकडा पडला. मूळ गोल आकार जाऊन चपटी झालेली. खोबण कापडाने पुसली, नव्या रिंगला इंजिन ऑइल चोळलं, सेन्सर हाताने दाबत, थोडा हलवत आत घातला, रेघेला रेघ जुळवली.

यावर थांबता येतं. पण टायमिंग लाइट घरात असताना नुसत्या रेघेवर विसंबणं मला पटत नाही. बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला डायग्नोसिसची काळी डबी आहे. तिचं झाकण उघडून ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ ही दोन भोकं वायरच्या तुकड्याने जोडायची, म्हणजे कॉम्प्युटर टायमिंगशी खेळायचं थांबवतो आणि मूळ टायमिंग दिसतं. हे न करता लाइट लावला तर खूण नाचत राहते, कितीही फिरवा. इंजिन आधी पूर्ण गरम, एसी आणि हेडलाइट बंद, आयडल ८५०च्या आसपास.

इथे एक गंमत आहे. टायमिंग लाइटला १२ व्होल्ट लागतात, आणि मियाटाची बॅटरी डिकीत. वजन मागे-पुढे सारखं वाटण्यासाठी तिथे ठेवलीय, पण लाइटच्या वायरी कुठल्या पोचायला! जंप स्टार्टरचा डबा शेजारी ठेवून त्याला चिमटे लावले. तिसरा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरवर.

पुलीवरची खाच पांढऱ्या रंगाने भरली होती. लाइट मारला, खाच कव्हरवरच्या १०च्या खुणेपेक्षा एक अंश मागे. सेन्सर अगदी केसभर फिरवून १० अंशांवर आणला, बोल्ट कसला, परत तपासला. कसताना सेन्सर थोडा ओढला जातो, म्हणून परत तपासणं हवंच.

बरेच मालक टायमिंग १४वर नेतात, प्रीमियम पेट्रोल घालतात आणि पिकअप सुधारला म्हणतात. सुधारत असेलही. मी कंपनीच्या आकड्यावर ठेवतो. न्यू जर्सीच्या ऑगस्टमध्ये ट्रॅफिकात उभं राहून इंजिन ठोकायला लागलं की तो पिकअप नको वाटतो.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी डेकच्या कठड्याला गुढी, दुपारी श्रीखंड-पुरी, आणि मग झोपायच्या ऐवजी गाडीखाली. बेलहाउसिंगची पाठ कोरडी ठणठणीत. पुठ्ठाही बदलला.

आता क्लच. पेडल शेवटपर्यंत दाबलं तरी प्लेट पूर्ण सुटत नसेल तर गिअर कुरकुरतो, आणि लोक सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले म्हणून हळहळत बसतात. आधी स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब क्लचला पोचवणारा खालचा सिलिंडर, बघावा. तो बेलहाउसिंगच्या उजव्या अंगाला, बाहेरच आहे. त्याच्या टोकाची रबरी टोपी बोटाने मागे सरकवली, आणि आतून ब्रेक ऑइल मनगटावर ओघळलं. एवढं निदान पुरतं. आतला वॉशर गेला.

नवा सिलिंडर दोन बोल्टांवर बसतो. मूळचा वॉशर-किट आणून जुनाच उघडायचा मोह असतो. आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे असतील तर नवा वॉशर महिन्याभरात जातो, आणि या वयाच्या गाडीत खड्डे असतातच. किंमतही फार नाही, पूर्ण घ्यावा. वर फायरवॉलवरचा मास्टर सिलिंडरही मागवलाय. स्लेव्ह नवा घातला की नव्या दाबाने मास्टरची जुनी सीलं बोलायला लागतात, हे सगळ्या मियाटावाल्यांना ठाऊक आहे.

एअर काढायला बायको ड्रायव्हर सीटवर. मी खालून.

“दाब.”

“दाबलं.”

“धर. सोडू नको हं.”

“अरे धरलंय! पाय दुखतोय. अजून किती?”

“सोड आता. परत.”

बाटलीत बुडवलेल्या पारदर्शक नळीतून आधी चहाच्या रंगाचं, मग बुडबुड्यांचं आणि शेवटी स्वच्छ ऑइल आलं. मधे मधे वरची टाकी भरत राहायची; क्लचची टाकी इवलीशी आहे, एकदा रिकामी झाली की पुन्हा सगळी हवा आत. पेडल आता निम्म्या उंचीवर पकडतं. रिव्हर्स आवाज न करता पडला. बायकोचं म्हणणं, तिला आधीही फरक कळत नव्हता आणि आताही कळत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

गिअरच्या दांड्याजवळची गरम हवा. मधलं कन्सोल काढलं, वरचा चामड्याचा बूट काढला. खालचे दोन रबरी बूट: वरचा मोठा फाटलेला, आतल्या छोट्याला चीर. गिअरबॉक्सच्या वरची सगळी गरमी आणि रस्त्याचा आवाज तिथून आत येत होता.

दांडा तीन १०च्या बोल्टांनी धरलेला. उपसला की खाली एक खोलगट बुरूज दिसतो. मियाटाच्या गिअरबॉक्समध्ये या बुरुजाचं ऑइल वेगळं असतं. गिअरबॉक्सचं ऑइल बदललं तरी हे बदललं जात नाही. बऱ्याच गाड्यांत ते कारखान्यातून आलेलंच निघतं, किंवा निघतच नाही. माझ्यात तळाशी काळा चिखल होता. मोठ्या सिरिंजने ओढून घेतला, कापडाने पुसला, ७५-९०चं ताजं ओतलं. दांड्याच्या टोकाची नायलॉनची वाटी झिजून तिरकी झालेली, ती बदलली. दोन्ही बूट नवे.

ऑइल जीएल-४ दर्जाचं घ्यायचं. जीएल-५ डिफरन्शियलला योग्य, पण त्यातली गंधक-फॉस्फरसची भर पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाही. दुकानदार ‘दोन्हीला चालतं’ म्हणतात. डब्यावर काय छापलंय ते वाचावं.

एवढ्या स्वस्तात गाडीचा स्वभाव इतका बदलणारं दुसरं काम मला माहीत नाही. दुसरा-तिसरा गिअर आता मनगटाच्या झटक्यात पडतो.

१९ एप्रिल, शनिवार

ओलं कार्पेट. काच, दरवाजाचं रबर, सगळीकडे पाणी मारून बघितलं, आत थेंब नाही. मग हूड, म्हणजे गाडीचं कापडी छत, बंद करून मागच्या कडेवर पाईप धरला, आणि सीटमागे पाणी साचायला लागलं.

हूडवरून येणारं पाणी मागच्या कडेच्या पन्हाळीतून दोन कोपऱ्यांत, सीटबेल्टच्या खांबांमागे उतरतं. तिथून एकेक नळी खाली मागच्या चाकाच्या पुढे बाहेर निघते. या नळ्या पाचोळ्याने तुंबतात. तुंबल्या की पाणी एकतर कार्पेटवर येतं, नाहीतर सिलच्या (दाराखालचा उंबरा) पत्र्यात शिरून आतून गंज चढवतं. बाहेरून रंग चकचकीत, आतून जाळी. मियाटा मरतात त्या इंजिनाने फार कमी, या गंजानेच जास्त. इथे तर रस्त्यावरचं हिवाळी मीठ वर.

गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी वरून सरकवली. तार घालू नये, नळी फाटते. उजव्या बाजूने आधी काहीच नाही, मग मेपलच्या बियांचा लगदा आणि भसकन पाणी. मागच्या चाकाच्या पुढचा सिल पेचकसाच्या मुठीने ठोकत गेलो. टणटण आवाज आला, कुठे भदभद नाही. सुटलो. सुकल्यावर आतून मेणाचा स्प्रे मारायचा.

पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेटही उचललं. या वर्षांच्या १.६ गाड्यांत तिथेच, पत्र्याच्या झाकणामागे इंजिनाचा कॉम्प्युटर आहे. कोरडा निघाला. ओल्या कार्पेटकडे ‘होईल नंतर’ म्हणून बघणाऱ्यांनी हे एकदा बघून घ्यावं.

२६ एप्रिल, शनिवार

पावसात मिस. रात्री गॅरेजचा दिवा घालवून, इंजिन चालू ठेवून प्लग वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या वायरींवर निळ्या ठिणग्या. वायरी नवीन, प्लगही चारही, फट १.१ मिमी. काम संपलं.

१० मे, शनिवार

मामांना इंजिनाचा आवाज ऐकवला. सकाळी चालू केल्यावर टिकटिक येते, गरम झाल्यावर जाते.

“टॅपेट वाजतायत. फिलर गेज आहे ना? कव्हर काढ, दहा थौ ठेव.”

“यात हायड्रॉलिक आहेत मामा. गेज लावायला जागाच नाही.”

“मग काय, ऑइलवर सोडलंय सगळं?” मामांना हे पटलेलं नाही.

खरंच ऑइलवर सोडलंय. लिफ्टरमध्ये, म्हणजे या टॅपेटमध्ये, ऑइल भरून तो स्वतःच फट मिटवतो. गाळाने त्याचं बारीक भोक अडलं की टिकटिक. ऑइल आणि फिल्टर बदलला, पुढचा बदल लवकर करणार. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली आहे, वरून हात पोचत नाही. उजवं चाक काढून बाजूने गेलो, तरी कोपरापर्यंत ऑइल आलंच. तो देवाचा नैवेद्य समजायचा.

१७ मे, शनिवार

हँडब्रेक. केबल ताणायच्या आधी मागचे कॅलिपर बघायचे. कॅलिपरच्या पाठीवर एक १४चा बोल्ट दिसतो, तो नुसतं झाकण आहे. काढला की आत ४ मिमीच्या अलन कीची खाच. ती घड्याळाच्या दिशेने फिरवत न्यायची, पॅड डिस्कला आवळेपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा मागे. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. दोन्ही बाजूंना केलं आणि दांडा निम्म्या उंचीवर घट्ट झाला, केबलला हात लावावा लागला नाही.

मागचे पॅड बदलतानाही पिस्टन याच खाचेतून, उलट्या दिशेने फिरवून आत घ्यायचा. सी-क्लॅम्पने रेटणारे मेकॅनिक आतली यंत्रणा मोडतात.

३१ मे, शनिवार

टायमिंग बेल्ट. माझदा ६०,००० मैलांना सांगते. मागचा कधी बदलला याची पावती नाही, म्हणून बदलायचाच. हे इंजिन अशा बांधणीचं आहे की बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी जागच्या जागी बंद पडते, इतकंच. तरी टर्नपाइक महामार्गाच्या मधल्या लेनमध्ये बंद पडणं मला परवडणारं नाही.

क्रँकचा मधला बोल्ट २१चा. पाचवा गिअर, बायकोचा पाय ब्रेकवर, गोटीला लांब दांडा आणि दांड्याला पाइप. एकदा बंदुकीसारखा आवाज झाला आणि सुटला. ९१च्या सुमारापर्यंतच्या गाड्यांत क्रँकचं टोक आखूड, तिथे पुली ढिली होऊन खाच खराब होते. पुलीला चार फटी दिसल्या तर तो क्रँक. माझ्या पुलीला आठ आहेत.

पुढचं क्रँक सील, दोन्ही कॅम सीलं आणि वॉटर पंप एकदमच. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत नाही, पण काढायचा तर बेल्ट आधी काढावाच लागतो, म्हणून हीच वेळ.

कॅमच्या पुल्यांवर ‘आय’ आणि ‘ई’ अक्षरं आहेत. ती मागच्या पत्र्यावरच्या खुणांसमोर, आणि दोन्हींच्या मधे बेल्टचे बरोबर १९ दात. मोजले, बायकोकडून मोजून घेतले, फोटो काढून पुन्हा मोजले. क्रँक एक पूर्ण आणि पाच-षष्ठांश फेरे फिरवायचा, टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली) मोकळा सोडून बेल्ट ताणू द्यायचा, मग टेन्शनर कसायचा, मग आणखी दोन फेरे आणि वर एक-षष्ठांश फिरवून खुणा परत बघायच्या. जुळल्या. मधला बोल्ट टॉर्क रेंचने १२० फूट-पाउंडला.

त्यानंतर टायमिंग लाइट, वायरचा तुकडा, जंप स्टार्टरचा डबा, सगळं पुन्हा बाहेर. १० अंशांवर आहे.

उरलेलं: मास्टर सिलिंडर येऊन पडलाय, तो पुढच्या शनिवारी. हूडची मागची प्लॅस्टिकची काच पिवळी पडलीय, पण चेन उघडून, काच आडवी करूनच हूड पाडायचा हा नियम पाळला तर आणखी एक हंगाम काढेल. रेडिएटरची वरची टाकी काळ्याची तपकिरी झालीय. तिला मात्र जुलैच्या आधी बदलावंच लागेल.